बॅगपाइपच्या जोडीला कॉन्सर्टिना: पट्टी कशी ठरवायची

बॅगपाइप वाजवणाऱ्याला पट्टी विचारली की तो 'ए' सांगतो. कागदावरच्या नोटेशनपुरतं ते खरं असतं, कानाला मात्र तो सूर ए, म्हणजे आपली पांढरी सहा, नसतो. हायलँड बॅगपाइपचा 'लो ए', म्हणजे खालचा ए, ऐकू येतो काळी पाचच्याही वर, बऱ्याचदा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे. हे ठाऊक नसताना परदेशातून ए पट्टीला सोयीची कॉन्सर्टिना, म्हणजे दोन्ही हातांत धरून वाजवायची बटणांची छोटी भात्याची पेटी, मागवली, तर पहिल्याच तालमीत पैसे वाया गेल्याचं कळतं. म्हणून खरेदीच्या आधी दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात: सूर नेमका किती हर्ट्झवर आहे, आणि ते सूर कॉन्सर्टिनावर बोटांना सोपे कुठे पडतात. बहुतेक लोक दुसऱ्याच प्रश्नावर वेळ घालवतात. खेळ बिघडतो तो पहिल्यामुळे.

पाइप कोणता आहे

पुण्यात बॅगपाइप म्हणजे जवळजवळ नेहमी हायलँड. लष्कराचे आणि शाळांचे पाइप बँड हेच वाजवतात. पण घरात बसून वाजवायच्या स्कॉटिश स्मॉलपाइप्स कोणाकडे असतील, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. त्या साधारण ४४० हर्ट्झच्या प्रमाणाला धरून बनवतात, ए, बी फ्लॅट (काळी पाच), सी आणि डी या पट्ट्यांत मिळतात, बोटं हायलँडचीच असतात आणि आवाज कॉन्सर्टिनाला गिळत नाही. बॉर्डर पाइप्स बहुधा ए मध्ये असतात, आवाजाने दोन्हींच्या मधल्या. आयरिश इलियन पाइप्स डी मध्ये. त्यांच्याबरोबर सी/जी, म्हणजे सी आणि जी या पट्ट्यांच्या बटणओळींची, कॉन्सर्टिना आयर्लंडमध्ये सर्रास वाजते, तिथे फार डोकं चालवायची गरज नाही.

पुढचं बरंचसं लिखाण हायलँडबद्दल आहे, कारण अडचण तिथेच आहे.

पाइपचे नऊ सूर, आपल्या भाषेत

लो ए ला षड्ज माना. मग चँटरवर, म्हणजे बोटांनी वाजवायच्या नळीवर, मिळतात: मंद्र कोमल नी, सा, रे, ग, म, प, ध, कोमल नी, तार सा. एवढेच. हा सरळ खमाज थाट आहे. शुद्ध नी नाही, तीव्र मध्यम नाही, कोमल गंधार नाही. त्यामुळे यमनचा विचार सोडून द्यावा. भूप आणि दुर्गाचे सूर सगळे मिळतात, पण खाली मंद्र कोमल नी नंतर रस्ता संपतो. मंद्र धैवतावर उतरणारी चाल एक तर वरच्या धैवताने मोडून बसवावी लागते किंवा ती जागा कॉन्सर्टिनाला द्यावी लागते. दुसरा मार्ग जास्त चांगला दिसतो. जोडीला दुसरं वाद्य घ्यायचं कारणच ते.

ड्रोन, म्हणजे एकच सूर सतत धरणाऱ्या नळ्या, तीन असतात. दोन टेनर लो ए च्या एक सप्तक खाली, एक बेस दोन सप्तकं खाली. म्हणजे षड्ज सतत चालू. तानपुऱ्यासारखाच, फक्त पंचमाशिवाय.

पहिली पायरी: सूर मोजणं

पाइप आधी दहा-पंधरा मिनिटं वाजवून घ्यावा. थंड रीडचा सूर खोटा असतो. मग तिन्ही ड्रोनना बूच लावून बंद करावेत, नाहीतर ट्यूनर अ‍ॅप ड्रोनचा सूर पकडून भलताच आकडा दाखवतं. फोन चँटरपासून दीडेक मीटर लांब ठेवून लो ए दहा सेकंद स्थिर धरायला सांगा. असं तीन वेळा. नंतर ई, म्हणजे पंचम, आणि हाय ए. लो ए आणि हाय ए यांत सप्तकाचं अंतर नीट नसेल, तर आधी चँटरची रीड दुरुस्त करायची आहे. पट्टी ठरवायची वेळ अजून आलेली नाही.

पुण्यातल्या गायक-वादकांकडे तानपुऱ्याचं अ‍ॅप हमखास असतं. ट्यूनरपेक्षा ते बरं पडतं. काळी पाच लावा, चँटरवर लो ए धरायला सांगा, आणि सूक्ष्म ट्यूनिंगची पट्टी हळूहळू वर सरकवत न्या. दोन सुरांमधली थरथर मंदावत मंदावत थांबली, की तिथला सेंटचा आकडा लिहून ठेवा.

त्या आकड्यांचा अर्थ असा. काळी पाच म्हणजे ४६६ हर्ट्झ, हे प्रमाण ए ४४० धरून. पाइप ४७० ला असेल तर तो काळी पाचच्या १४ सेंट वर आहे, ४७६ ला ३६ सेंट वर, ४८० ला ५१ सेंट, ४८४ ला ६५. शंभर सेंटला एक पट्टी होते, त्यामुळे ४८० चा पाइप काळी पाचलाही लागत नाही आणि पांढरी सातलाही नाही. आताचे बँडचे चँटर बहुतेक ४७६ ते ४८४ च्या दरम्यान असतात. जुने चँटर खाली, ४७० च्या आसपास किंवा त्याहीखाली असू शकतात. सियालकोट किंवा मेरठकडचे स्वस्त चँटर घेतले असतील, तर एकाच बँडमधल्या दोन चँटरांतही फरक निघतो. म्हणून बँडचा नव्हे, ज्याच्याबरोबर वाजवायचं त्या माणसाचा पाइप मोजायचा.

कॉन्सर्टिनाचा बी फ्लॅट पाइपच्या लो ए शी जुळायला हवा, आणि ए त्याच्या एक पट्टी खाली असतो. म्हणून आता लो ए च्या आकड्याला १.०५९५ ने, म्हणजे एका पट्टीच्या गुणोत्तराने, भागा. येईल तो तुमच्या कॉन्सर्टिनाचा 'ए' असायला हवा. ४६६ ला ४४०, ४७० ला साधारण ४४३.६, ४७६ ला ४४९.३, ४८० ला ४५३, ४८४ ला ४५६.८. हा आकडा विकणाऱ्याला आणि दुरुस्ती करणाऱ्याला दोघांनाही सांगायचा आहे, लिहून ठेवा.

फरक किती चालतो? पाच सेंटच्या आत असेल तर कोणी ओळखणार नाही. दहापर्यंत जलद चालीत खपतं. पंधराच्या पुढे लांब सुरावर सेकंदाला चारपाच ठोके ऐकू येऊ लागतात. पन्नास सेंटला ठोके मोजताही येत नाहीत, नुसती घरघर होते.

घरात हार्मोनियम असेल तर खरेदीआधीची सगळ्यात स्वस्त चाचणी तीच. काळी पाच दाबा आणि पाइपवाल्याला लो ए धरायला सांगा. जे ऐकू येईल तेच ४४० ची कॉन्सर्टिना आणल्यावर ऐकू येणार. (आधी हार्मोनियम स्वतः ४४० ला आहे का ते ट्यूनरवर बघून घ्या, जुन्या पेट्या सरकलेल्या असतात.) स्केलचेंजरचा इथे उपयोग नाही. तो अख्ख्या पट्टीने सरकतो, आपल्याला अर्धी पट्टी हवी आहे.

कोणी कोणाकडे यायचं

पाइप खाली आणणं हा सोपा मार्ग आहे, चँटर बदलायची तयारी असेल तर. ४६६ हर्ट्झचे बी फ्लॅट चँटर खास ब्रास बँड आणि ऑर्केस्ट्राबरोबर वाजवण्यासाठी मिळतात. ४४० च्या ए मधलेही मिळतात. नवा चँटर, त्याला जुळणारी रीड, आणि ड्रोन थोडे लांब केले की झालं. कॉन्सर्टिना मग नेहमीच्या प्रमाणातली कोणतीही चालते आणि तीच पुढे हार्मोनियमबरोबर, कीबोर्डबरोबरही वाजवता येते. पैशाच्या हिशेबात पाइपवाला तयार असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू.

आहे तोच चँटर खाली ओढायचा प्रयत्न मात्र थोडक्यात आवरावा. रीड बैठकीतून किंचित बाहेर काढली की सूर उतरतो, पण वरच्या हाताचे सूर खालच्या हाताच्या सुरांपेक्षा जास्त उतरतात. चारपाच हर्ट्झनंतर सप्तक मोडतं. भोकांवर टेप लावून एकेक सूर उतरवता येतो. तो बारीक दुरुस्तीचा उपाय आहे, पट्टी बदलण्याचा नव्हे.

कॉन्सर्टिना वर नेणं म्हणजे प्रत्येक रीड घासणं. अँग्लो आणि इंग्लिश हे कॉन्सर्टिनाचे दोन प्रकार, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. तीस बटणांच्या अँग्लोत साठ रीड, अठ्ठेचाळीस बटणांच्या इंग्लिशमध्ये शहाण्णव. हार्मोनियमच्या रीडचंच शास्त्र इथे लागू पडतं: टोकाकडून धातू कमी केला की सूर चढतो, मुळाकडून कमी केला की उतरतो. पन्नास सेंट चढवणं शक्य आहे, पण रीडची टोकं पातळ होतात आणि परत उतरवायला मूळ खरवडावं लागतं. दोन्हीकडून खरवडलेली रीड कमजोर होते.

आणि एक तिसरा मार्ग आहे, त्याची आठवण फार कमी जणांना होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बनलेल्या पुष्कळ कॉन्सर्टिना आजच्या ४४० ला नव्हे, तर ४५२ च्या आसपासच्या तेव्हाच्या 'हाय पिच'ला लावलेल्या असायच्या. आता गणित करा. ए ४५२.५ असेल तर बी फ्लॅट येतो ४७९.४ हर्ट्झ. आजच्या हायलँड पाइपचा षड्ज नेमका तिथेच असतो. अशा कॉन्सर्टिना जुन्या बाजारात 'ट्यूनिंग जुनं आहे' म्हणून थोड्या उतरत्या भावाने मिळतात, आणि घेणारा पहिलं काम करतो ते ४४० ला उतरवून घेण्याचं. पाइपबरोबर वाजवायचं असेल तर हे काम करूच नका. विकणाऱ्याला मधल्या सप्तकातल्या ए च्या बटणाचं ट्यूनरसकट रेकॉर्डिंग पाठवायला सांगा. आकडा ४५० ते ४५५ मध्ये आला आणि तुमचा पाइप ४७७ ते ४८२ मध्ये असेल, तर एवढं जुळणारं वाद्य मुद्दाम बनवून घेऊनही सहज मिळणार नाही.

बटणांचा हिशेब

हर्ट्झ ठरले. आता वाद्याचा प्रकार.

अँग्लो कॉन्सर्टिनात एकाच बटणावर भाता दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा, माउथऑर्गनसारखं. बटणांच्या दोन मुख्य ओळी, प्रत्येक ओळ एका पट्टीचं शुद्ध सप्तक. सी/जी म्हणजे एक ओळ सी ची, हाताच्या तळव्याजवळची जी ची. तीस बटणांच्या वाद्यात वर एक तिसरी ओळ येते, उरलेल्या काळ्या सुरांची.

पाइपला खमाज थाट लागतो आणि अँग्लोच्या ओळीत बिलावल थाट असतो. खमाजचा मध्यम षड्ज मानला की तेच सूर बिलावल होतात. यावरून नियम सोपा निघतो: पाइपचा मध्यम हा कॉन्सर्टिनाच्या एखाद्या ओळीचा षड्ज असला पाहिजे. मग नऊच्या नऊ सूर एका ओळीत सापडतात आणि वीस बटणांचं साधं वाद्यही पुरतं.

लावून बघा. डी च्या स्मॉलपाइप्सचा मध्यम जी. म्हणून सी/जी किंवा जी/डी. ए च्या स्मॉलपाइप्सचा मध्यम डी. जी/डी घ्या, डी/ए मिळाली तर तीही. सी चा मध्यम एफ, बी फ्लॅट/एफ. हायलँड ऐकू येतो बी फ्लॅटच्या घरात, त्याचा मध्यम ई फ्लॅट; म्हणून ए फ्लॅट/ई फ्लॅट.

इथेच चूक होते. 'पाइप बी फ्लॅटचा, म्हणून बी फ्लॅट/एफ ची कॉन्सर्टिना' हे तर्काला पटतं आणि हातात आल्यावर फसतं. त्या दोन्ही ओळींत ए शुद्ध आहे. पाइपला हवा असतो ए फ्लॅट, म्हणजे कोमल नी, आणि पाइपच्या चालींचा अर्धा स्वभाव त्या कोमल नी मध्ये असतो. वीस बटणांच्या बी फ्लॅट/एफ वर तो सूर नाहीच. तीस बटणांत तो तिसऱ्या ओळीत मिळतो, सहसा भाता ओढतानाच. त्यामुळे जलद चालीत भात्याची दिशा मोडत राहते. संथ वाजवणाऱ्याला चालेल.

ए फ्लॅट/ई फ्लॅट वाद्यं कमी दिसतात, बी फ्लॅट/एफ त्या मानाने जास्त. पण जी/डी वाजवता येत असेल तर ए फ्लॅट/ई फ्लॅटवर बोटं तंतोतंत तीच पडतात, एक पट्टी वर एवढंच. सराव जी/डी वर करून कार्यक्रमापुरतं दुसरं वाद्य उचलता येतं. सी/जी वर आयर्लंडच्या पद्धतीने ओळी ओलांडून वाजवणाऱ्याने त्याच तर्काने सी शार्प/जी शार्प बघावी. तीस बटणांच्या सी/जी वर थेट बी फ्लॅटचा खमाज वाजवणं अशक्य नाही, पण काळे सूर सगळे तिसऱ्या ओळीत आणि एकेका दिशेलाच; हौस असेल त्याने करावं.

सरळ उत्तर हवं असेल तर ते इंग्लिश कॉन्सर्टिना आहे. अठ्ठेचाळीस बटणांच्या ट्रेबल इंग्लिशमध्ये बारा सूर सगळ्या पट्ट्यांत मिळतात, भाता दाबला काय नि ओढला काय सूर तोच राहतो, आणि बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट हे तीन सूर बाहेरच्या ओळींत असतात, बाकी सगळे मधल्या दोन ओळींत. हाय पिचच्या जुन्या कॉन्सर्टिनांतही इंग्लिश प्रकार भरपूर सापडतो.

ग, ध आणि कोमल नी

षड्ज जुळला तरी काम संपत नाही. पाइप ड्रोनवर लावतात, म्हणजे नैसर्गिक सुरांनी. कॉन्सर्टिना समान अंतराच्या बारा सुरांनी. रे, म, प यांत फरक जेमतेम दोन ते चार सेंटांचा. पण पाइपचा गंधार कॉन्सर्टिनाच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरलेला असतो, धैवत १६ सेंट, आणि कोमल नी आजच्या पद्धतीने लावली असेल तर तब्बल ३१ सेंट. हार्मोनियमवरचा गंधार चढा वाटतो ही आपल्याकडची जुनी तक्रार इथे ड्रोनच्या साक्षीने सिद्ध होते.

उपाय दोन. वाजवण्यातला: या तीन सुरांवर कॉन्सर्टिनाने थांबायचं नाही. लांब सूर सा, रे, म, प चे ठेवा. ग, ध, नी जाता जाता घ्या किंवा पाइपवर सोडून द्या. कॉर्डमध्येही षड्ज-पंचमाची जोडी सगळ्यात सुरक्षित, मधला गंधार काढून.

दुसरा उपाय इंग्लिश कॉन्सर्टिनावाल्यांसाठी, आणि हा खरोखर सुंदर आहे. या वाद्यात बहुतेक सप्तकांत ए फ्लॅट आणि जी शार्प यांची बटणं वेगवेगळी असतात, जरी आज दोन्ही एकाच सुराला लावतात. त्यातल्या ए फ्लॅटच्या रीड ३१ सेंट उतरवून घ्या. पाइपबरोबर ए फ्लॅट वाजवा, इतर वेळी जी शार्प. बाकी वाद्याला हातही लागत नाही.

रीड घासायची वेळ आलीच, तर पुण्यात हार्मोनियमचा चांगला कारागीर हे काम करू शकतो, पण तीन गोष्टी आधी सांगाव्या लागतात. कॉन्सर्टिनाची रीड लहान आणि पातळ असते, त्यामुळे हार्मोनियमचा हात जड पडतो. बारीक कानस, दोनचार फटके, परत तपासणी. रीडखाली पातळ पत्रा सरकवूनच घासायचं. आणि सूर बाहेर फुंकून नव्हे, रीड जागेवर बसवून, भाता जोडून तपासायचा, कारण खोक्यात गेल्यावर तो सरकतो. पितळी चौकटी लाकडी खाचांत नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. प्रत्येक चौकट जिथून काढली तिथेच जायला हवी, म्हणून काढण्याआधी फोटो.

आवाज, ऊन आणि पावसाळा

हायलँड पाइपसमोर कॉन्सर्टिना माइकशिवाय ऐकू येत नाही. तिचा आवाज दोन्ही टोकांतून येतो, एका माइकवर एकच हात ऐकू येतो. दोन लहान क्लिप माइक लागतात. सदाशिव पेठेतल्या वाड्यात किंवा सोसायटीच्या फ्लॅटमध्ये हायलँडची तालीम शेजारी होऊ देणार नाहीत. तिथे प्रॅक्टिस चँटर वापरावा. तो साधारण एक सप्तक खाली वाजतो, चाल बसवायला पुरतो. नेमका सूर जुळवायला मात्र उघडं मैदान आणि खरा पाइप हवा.

दोन्ही वाद्यं जोराने वाजवली की एकमेकांपासून लांब जातात, हे लक्षात ठेवण्यासारखं. पिशवी जास्त दाबली की चँटरचा सूर चढतो, भाता जास्त दाबला की कॉन्सर्टिनाचा उतरतो. म्हणून सूर जुळवताना कार्यक्रमात वाजवणार तेवढ्याच जोराने वाजवा, दबक्या आवाजात जुळवलेलं स्टेजवर टिकत नाही.

उष्णतेचंही तसंच. नळीतली हवा एक अंशाने तापली की सूर कागदोपत्री तीन सेंट चढतो. फुंकरीची हवा आधीच उबदार असल्याने प्रत्यक्षात थोडा कमी, पण डिसेंबरातली पुण्याची दहा-बारा अंशांची सकाळ आणि त्याच दिवशीचं दुपारचं ऊन यांत जुळलेली जोडी सुटते. कॉन्सर्टिनाच्या रीड जवळजवळ जागेवर राहतात. म्हणून मोजमाप कार्यक्रमाच्या वेळेलाच करावं, आणि आकडा दोन टोकांच्या मधला धरावा.

पावसाळ्यात कॉन्सर्टिनाचं लाकूड फुगतं, बटणं अडकतात, जुन्या रीड खाचेत आवळून आवाज करेनाशा होतात. जूनपासून वाद्य घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावं. जेल भरमसाठ नको. लाकूड फार सुकलं तर चौकटी सैल होऊन हवा गळते. ऑक्टोबरात सगळे सूर एकदा ट्यूनरवर तपासून घ्यावेत.

वापरलेलं वाद्य घेताना भाता आधी बघा: कोणतंही बटण न दाबता एका बाजूच्या पट्ट्याने वाद्य लटकवायचं. खालची बाजू झरझर उतरली तर हवा गळते आहे. मग प्रत्येक बटण दोन्ही दिशांना, अगदी हळू. ज्या रीडला बोलायला उशीर होतो ती आजच विचारात घ्या.

स्टेजवर जुळवणी नेहमी एकाच क्रमाने करावी. कॉन्सर्टिना तिथे बदलता येत नाही, म्हणून ती षड्ज आणि पंचम धरते. पाइपवाला ड्रोन बंद ठेवून चँटरची रीड आणि टेप जुळवतो, मग पहिला टेनर उघडतो, मग दुसरा, शेवटी बेस. उन्हात पाइप चढत गेला आणि फरक वीस सेंटच्या पुढे दिसला, तर कॉन्सर्टिनाने पाइपच्या वेळी गप्प बसावं आणि चालीचे तुकडे आळीपाळीने घ्यावेत: पाइप एकदा, कॉन्सर्टिना एकदा, मधे ताशाचे किंवा ढोलाचे दोन आवर्तन. एवढ्या अंतराने ऐकणाऱ्याच्या कानातला मागचा षड्ज पुसला जातो.